बालक्रेगची घरधनीण

कबुतरखाना पडला त्या सकाळी नेट्टा गिलरुथ खिडकीशी उभी राहून कप विसळत होती आणि सुनेवर लक्ष ठेवत होती. कप एकच होता आणि तो केव्हाच स्वच्छ झाला होता. पण त्या खिडकीतून अंगण दिसे, अंगणापलीकडे बालक्रेगचं मोठं घर दिसे, आणि घरामागच्या चढावर काही शतकं जुना, गोल, बिनखिडक्यांचा दगडी कबुतरखाना दिसे, उपड्या टोपलीसारखा. एवढं सगळं दिसत असताना कप लवकर कसा विसळून होणार?

नोव्हेंबरपर्यंत नेट्टा पलीकडच्या घरात होती. मग मुलगा ग्रेगर लग्न करून मॉर्वेनला घेऊन आला आणि म्हातारीने अंगण ओलांडलं. आमच्या अँगस परगण्यात शेतकऱ्यांची रीतच आहे ती. मुलाची बायको घरात आली की आईने समोरच्या छोट्या घरात जायचं आणि तिथून दिसेल तेवढ्यावर समाधान मानायचं. जाताना बालक्रेगची सासू सुनेच्या हातात तवा देते. जाड, काळा, लोखंडी, वर उचलायला अर्धगोल कडी असलेला तवा. त्यावर ओटच्या भाकऱ्या भाजता भाजता किती बायका म्हाताऱ्या झाल्या ते कुणालाच ठाऊक नाही. नेट्टाला तो तिच्या सासूने, फेमीने, दिला होता. नेट्टाने तो मॉर्वेनला दिला. देताना हसलीसुद्धा. दात दिसतील एवढं हसली.

दुखलं ते पुढच्या रविवारी. आमच्याकडे माणसाला त्याच्या नावाने कुणी ओळखत नाही, शेताच्या नावाने ओळखतात. ग्रेगर म्हणजे 'बालक्रेग', आणि त्याच्या घरातली बाई म्हणजे 'बालक्रेगची घरधनीण'. उभा जन्म हे बिरुद नेट्टाचं होतं. त्या रविवारी चर्चच्या दारात पाद्रीबुवांनी मॉर्वेनचा हात हातात घेऊन विचारलं, "काय म्हणते बालक्रेगची घरधनीण?" नेट्टा तिच्या मागेच उभी होती. तिच्याशी त्यांनी हवापाण्याच्या गोष्टी केल्या.

मॉर्वेन डंडीची. शहरातली असली तरी कामाला वाघ. आल्या आल्या तिची नजर कबुतरखान्यावर गेली. त्याला आयव्हीच्या वेलाने पुरतं गिळलं होतं, दगड म्हणून दिसत नव्हता. इमारत सरकारच्या जपणुकीच्या यादीत, तीही अगदी वरच्या वर्गात. तिचा दगड हलवायचा तर कौन्सिलची परवानगी लागे. वेल तोडायला मात्र कुणाला विचारावं लागत नाही. उन्हाळ्यात जुन्या वास्तू पाहायला लोक गावोगाव हिंडतात, तेव्हा आपलाही कबुतरखाना त्यांना दाखवावा असं मॉर्वेनच्या मनात आलं. जेवताना तिने ग्रेगरला तसं सांगितलं. ग्रेगर म्हणाला, आईला विचारून घे.

"प्रत्येक गोष्ट काय नेट्टांना विचारायची?" मॉर्वेन म्हणाली. "वेलच तर काढायचाय."

बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण त्याच वेळी नेट्टा मुलासाठी केलेला केक घेऊन मागच्या दाराने आत येत होती. ती तिथेच थांबली, आल्या पावली मागे फिरली, आणि तो केक तिने एकटीने दोन दिवस खाल्ला.

आणि विचारलं असतं तर नेट्टाकडे उत्तर होतं. नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिलाही तो वेल डोळ्यांत खुपला होता. फेमीने तिला भिंतीपाशी नेलं होतं, वेलाच्या दंडाएवढ्या जाड फांद्या दगडांच्या सांध्यांत कशा शिरल्यात ते दाखवलं होतं. "आतला चुना याने कधीच खाऊन टाकलाय," फेमी म्हणाली होती. "ज्याने खाल्लं तोच आता धरून आहे. याला हात लावू नकोस, पोरी." नेट्टाने मग जन्मभर लावला नाही.

फेब्रुवारीत नवराबायकोने करवती काढल्या. बुंधे कापले, मग दोर बांधून फांद्या ओढल्या. प्रत्येक फांदीबरोबर मूठभर माती आणि खडे निघत होते. नेट्टाला खिडकीतून सगळं दिसत होतं. अंगण ओलांडून जायला कितीसा वेळ लागतो? पण ती मूग गिळून बसली. आपल्याला कोण विचारतंय, तिने मनात म्हटलं. एखादा दगड निखळेल, मग येईल विचारायला. तेवढ्यापुरती तिने ती सूनबाईची शिकवणी ठरवली होती. अख्खी इमारत पडावी असं तिला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. हे खरं आहे, आणि यात तिचा बचाव होत नाही, हेही खरं आहे.

वेल गेला आणि कडक थंडी पडली. उघड्या पडलेल्या सांध्यांत पाणी शिरून गोठलं. मार्चमध्ये बर्फ वितळायला लागलं.

त्या सकाळी मॉर्वेन पिवळी लोकरी टोपी घालून, हातात मापाची फीत घेऊन, मॉस कुत्र्याबरोबर चढ चढताना नेट्टाला दिसली. कबुतरखान्याच्या बुटक्या दारातून ती वाकून आत गेली. कुत्रा गेला नाही, दाराशीच भुंकत राहिला. नेट्टाने कप उलटा ठेवला, चुलीत लाकडं सारली, हात पुसले, आणि पुन्हा वर पाहिलं तर भिंत हलत होती.

आवाज फार मोठा झाला नाही. बटाट्याची गाडी रिकामी करताना होतो तसा, फक्त संपेचना. डोक्यावरचा घुमट आधी आत बसला, मग भिंतीला पोट आलं, मग ते फुटलं. धूळ उठली आणि खाली बसली तेव्हा चढावर जिथे कायम काहीतरी उभं असायचं तिथे आकाश होतं.

नेट्टा कशी पोचली ते तिला पुढे कधी सांगता आलं नाही. पायात घरातल्या सपाता होत्या, एवढं आठवतं. ढिगाऱ्याच्या कडेला एका दगडाखाली पिवळी लोकर दिसत होती. ती गुडघ्यांवर बसली आणि दगड उपसायला लागली. एक दगड, दुसरा दगड. नखं गेली, तिला कळलं नाही. "मी सांगायला हवं होतं" हे एकच वाक्य डोक्यात फिरत होतं, आणि ऐकायला कुणी नव्हतं.

"नेट्टा? काय करताय तुम्ही?"

मॉर्वेन मागे उभी होती. बोडक्या डोक्याने, एका हातात कुत्र्याचा पट्टा धरून, चेहरा चुन्यासारखा पांढरा. आत वाकून वाकून उकडायला लागलं म्हणून तिने टोपी कबुतराच्या एका कोनाड्यात ठेवली होती. तेवढ्यात मॉस ओढ्याकडे पळाला, म्हणून ती त्याच्यामागे धावली. टोपी राहिली.

नेट्टाने तिच्याकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं, आणि तिला जे सुचलं ते ती बोलली. "टोपी कुठे ठेवावी याची काही अक्कल?" मग तिने टोपी दगडाखालून ओढून काढली आणि मांडीवर घेतली. मॉर्वेनने तिला मिठी मारली आणि दोघी धुळीत बसून राहिल्या. लग्नानंतरची ती त्यांची पहिली मिठी.

दुपारी कौन्सिलचे इमरी आले. बारीक, हळू बोलणारा माणूस. ढिगाऱ्याभोवती त्यांनी दोरी बांधली, एकही दगड इथून हलवायचा नाही म्हणाले, याच दगडांनी पुन्हा बांधायचं. मग बराच वेळ ते नुसतेच बघत उभे राहिले. घरातलं माणूस गेल्यावर शेजारी उभे राहतात तसे. वेल काढायचं कुणी ठरवलं, त्यांनी विचारलं. "मी," मॉर्वेन म्हणाली. नेट्टा शेजारी होती. हातांना पट्ट्या बांधलेल्या होत्या आणि तोंड याही वेळी बंदच राहिलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे जुनं बोलणं आहे: कबुतरखाना गेला की वर्षाच्या आत घरधनीण जाते. म्हणून तर कबुतरं खाण्याचे दिवस सरून जमाना झाला तरी शेतोशेती कबुतरखाने उभे आहेत. सरकारी यादी फार नंतर आली. तोवर त्यांना राखलं ते घाबरट नवऱ्यांनी. शेजारच्या कोर्टन शेताच्या म्हाताऱ्याला विचारा. त्याच्या आजोबांनी गोठ्याला दगड हवेत म्हणून आपला कबुतरखाना पाडला आणि कापणीच्या आत आजी गेली. कोर्टन हे सांगायची संधी सोडत नाही.

नेट्टा या गोष्टीला आयुष्यभर हसत आली होती. पण रविवारी चर्चमध्ये ती मागच्या बाकावर बसली आणि तिचं हसू गेलं. लोक मॉर्वेनशी फार हळू बोलत होते. किराणावालीने तिला मुरांब्याची बाटली दिली आणि पैसे घेतले नाहीत. आयुष्यात कुणाला चमचाभर फुकट न देणारी बाई. दोघीतिघींनी मॉर्वेनच्या पाठीवरून हात फिरवला. मॉर्वेनला वाटलं, किती चांगली माणसं आहेत. ती डंडीची, तिला काय माहीत.

दाराशी कोर्टन नेट्टाच्या कानाशी लागला. "पोर गोड होती हो," तो म्हणाला. "वाईट वाटतं. अजून तर सगळं व्हायचं होतं."

जिवंत, धडधाकट, बाहेर उन्हात कुत्र्याशी बोलत उभ्या असलेल्या पोरीबद्दल हा माणूस भूतकाळात बोलत होता. आणि सगळा गाव त्याच्यासारखाच बघत होता. विश्वास नव्हता नेट्टाचा, अजूनही नव्हता. पण विश्वास नसलेल्या गोष्टीची भीती वाटत नाही असं कुणी सांगितलं? घरी येईपर्यंत तिचा हिशेब झाला होता. मरण येणार घरधनिणीसाठी. घरधनीण कोण, तर जिच्याकडे तवा.

ग्रेगर आणि मॉर्वेन सूप पीत होते तेव्हा ती मोठ्या घराच्या स्वयंपाकघरात शिरली. सरळ चुलीपाशी गेली आणि खिळ्यावरचा तवा काढून छातीशी धरला.

"मी परत इथे राहायला येतेय," ती म्हणाली. "आजपासून बालक्रेगची घरधनीण मीच. तुम्ही दोघं जा समोरच्या घरात."

ग्रेगरचा चमचा हातातच राहिला. आई गंमत करतेय असं त्याला वाटलं. मग तिचा चेहरा पाहून तसं वाटायचं बंद झालं. कबुतरखान्यावरून असेल तर कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली म्हण, तो म्हणाला, त्यासाठी तिला घराबाहेर काढतेस? मॉर्वेनने चमचा खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर तोंडात मारल्यासारखे भाव होते. नेट्टाला ते भाव ओळखीचे होते. पाद्रीबुवांनी हात धरला त्या रविवारी तेच आपल्या चेहऱ्यावर असणार.

"मी भिंत पाडली म्हणून?" शेवटी मॉर्वेनने विचारलं.

"हो," नेट्टा म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

आणि म्हातारीने काही म्हणजे काही बाकी ठेवलं नाही. फेमीच्या खुर्चीत जाऊन बसली. चर्चमध्ये पहिल्या बाकावर आली. किराणावालीने मॉर्वेनला 'बालक्रेगची' म्हणून हाक मारली तर दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बालक्रेगची मी. अजून मेले नाहीये." ते शेवटचं वाक्य तिने मुद्दाम, जणू वर कुणाला पत्ता सांगावा तसं उच्चारलं. गाव थक्क झाला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, लोक म्हणाले. चार दिवस सासूचे संपले तरी हिला सुनेचे चारही हवेत. ग्रेगर आईशी कामापुरतं बोलू लागला. मॉर्वेन तेवढंही बोलेना. समोरच्या खिडकीत आता ती कप विसळत उभी असलेली दिसे.

एप्रिलच्या शेवटी ग्रेगर तोंड पाडून सांगायला आला. मॉर्वेन डंडीला परत जायचं म्हणतेय, आणि तो तिच्याबरोबर जाणार आहे. मुलगाही जाणार, नेट्टाच्या मनात आलं. पण जितकी लांब जाईल तितकी सुरक्षित, हा विचारही लगोलग आला. ती म्हणाली, "जा." ग्रेगर आईकडे बघत राहिला. अनोळखी बाईकडे बघावं तसा.

त्याच दिवशी कोर्टन आपलं चुकलेलं कोकरू इकडे आलंय का बघायला आला, आणि सामान बांधणाऱ्या मॉर्वेनला त्याने आपल्या परीने धीर दिला.

मॉर्वेन स्वयंपाकघरात आली ती दार न वाजवता. नेट्टा ओटचं पीठ मळत होती.

"कोर्टन म्हणाला, बरं झालं म्हातारीने तवा परत घेतला, तुझ्यावरचं टळलं." मॉर्वेन टेबलापलीकडे थांबली. "काय टळलं म्हणून विचारलं. सगळं सांगितलं त्याने. त्याच्या आजीसकट."

नेट्टाने पिठातून हात काढले नाहीत.

"खरं आहे का? तुम्ही माझ्या जागी बसलात? मला घरातून काढलंत, सगळ्या गावाच्या शिव्या खाल्ल्यात, ते यासाठी?"

"म्हातारपणी खुळं सुचतात," नेट्टा म्हणाली. "जा आता. तुमची निघायची वेळ झाली ना?"

पण मॉर्वेन रडायला लागली. रडत रडत हसायला लागली, आणि टेबलाला वळसा घालून दोन्ही हात पसरून आली. मी काय काय बोलले तुमच्याबद्दल, ती म्हणत होती, आणि तुम्ही किती मोठ्या मनाच्या. नेट्टाला मरण चाललं असतं. हे नाही चाललं.

"थांब," ती म्हणाली. "हात लावू नकोस मला. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"वेलच भिंत धरून आहे हे. फेमीने सांगितलं होतं. तुम्ही कापत होतात तेव्हा मी त्या खिडकीत उभी होते. रोज. तू मला विचारलं नाहीस म्हणून मी बोलले नाही."

मॉर्वेनचे पसरलेले हात तसेच राहिले. मग हळूहळू खाली आले. चुलीवर पाण्याचं भांडं खदखदत होतं.

"मी आत होते, नेट्टा," ती म्हणाली.

"मी पाहिलं तुला जाताना."

"टोपी आत राहिली. मी राहिले असते."

"हो."

मॉर्वेन मागे वळली आणि निघून गेली. नेट्टाने खिडकीतून पाहिलं. ती गाडीकडे गेली नाही, चढावर गेली. ढिगाऱ्यापाशी जाऊन दोरीच्या अलीकडे उभी राहिली. पाऊस भुरभुरायला लागला तरी हलली नाही. नेट्टा खुर्चीत बसली. आता डंडी, तिने स्वतःला सांगितलं. आणि ते बरोबरच आहे. तुझ्या पाठोपाठ या घरात दुसरं कुणी तवा हातात घेणार नाही, हेही बरोबरच आहे. तिला रडू येत नव्हतं.

मॉर्वेन परत आली तेव्हा केसांतून पाणी ठिबकत होतं. चेहरा कठीण होता. माफीचं त्यात काही नव्हतं. तिने खिळ्यावरचा तवा काढला आणि दाणकन चुलीवर ठेवला.

"तवा माझा," ती म्हणाली. "घर माझं. वर्ष संपायच्या आत काय व्हायचं ते माझं होईल. तुम्हाला मरायची परवानगी नाही. एवढ्या स्वस्तात नाही सुटणार तुम्ही."

नेट्टाने तोंड उघडलं. मॉर्वेनने हात वर केला.

"समोरच्या घरातही जायचं नाही. याच खुर्चीत बसायचं, माझ्या डोळ्यांसमोर. इमरी भिंत पुन्हा बांधणार आहेत, तिथेही यायचं. आणि मी काही चुकीचं करताना दिसले तर बोलायचं. मी विचारलं नाही तरी बोलायचं. मला राग आला तरी बोलायचं. एकदा जरी गप्प बसलात ना नेट्टा, तर मी खरंच जाईन, आणि तुमचा मुलगाही."

उत्तराची वाट न बघता तिने पीठ पुढे ओढलं. एक गोळा घेतला, थापायला लागली. वेड्यावाकड्या कडा, मध्ये जाड, बाजूला पातळ. चुलीत जाळ भरपूर होता. तव्यावरून बारीक निळसर धूर निघायला लागला. मॉर्वेनची तिकडे पाठ होती.

नेट्टाला धूर दिसला. जुनी सवय गळ्याशी आली: असू दे, एक भाकरी जळेल, शिकेल. ती सवय तिला चांगली ओळखू आली. खुर्चीच्या दांड्यावर तिची पट्टी निघालेली, नखं नसलेली बोटं घट्ट आवळली गेली.

"तवा फार तापलाय," ती म्हणाली. मग पुन्हा म्हटलं, मोठ्याने, "जरा बाजूला घे. चिमूटभर पीठ टाकून बघ आधी. लगेच काळं पडलं तर थांबायचं."

मॉर्वेनने मान वळवली नाही. पण तिने तवा बाजूला ओढला, चिमूटभर पीठ टाकलं, आणि दोघी त्या पिठाकडे बघत राहिल्या.